टीव्हीच्या रिमोटवरच केबलचा बॉक्स चालवता येतो का? (सासूबाईंसाठी विचारतेय)

जुळे_सोलापूरची_सून

नमस्कार. दिवाळीत नवीन टीव्ही घेतला, ४३ इंची, गूगलवाला. केबल जुनीच आहे, बॉक्सही जुनाच, एचडीएमआय वायरनं जोडलाय.

सासूबाई साखर पेठेत वाढलेल्या. दुपारी तेलुगू मालिका, सातनंतर मराठी, मध्ये भक्तीचं एखादं चॅनल. म्हणजे चॅनल सारखं बदलायचं असतं. टीव्हीचा रिमोट बारीक, दहा-बारा बटणांचा, त्यांच्या हातात छान बसतो. बॉक्सचा म्हणजे नुसती बटणंच बटणं. त्या चॅनल बदलायला टीव्हीचा रिमोट घेतात, वर-खाली दाबतात, मग सिनेमांची पानं उघडतात, कुठला तरी ट्रेलर मोठ्यानं वाजायला लागतो आणि मला ऑफिसात फोन येतो, "अगं, टीव्ही गेला." आता होटगी रोडवरून मी फोनवर काय सांगणार? "आई, घराचं चित्र दाबा," तर त्या विचारतात, कुणाचं घर?

केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, टीव्हीचा टीव्हीला, बॉक्सचा बॉक्सला," आणि गाडीला किक मारून गेला. खरंच एका रिमोटवर होत नाही का?

पार्क_चौक_कट्टा

होतं की, न व्हायला काय झालं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करा, म्हणजे टीव्ही रिमोटचा निरोप एचडीएमआयच्या वायरीतून जोडलेल्या डब्याला देतो. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. नावं वेगळी, भानगड एकच. माझी स्टिक (टीव्हीला मागं खोचून नेटवरचं बघायची) टीव्हीच्या रिमोटवरच चालते. विषय संपला.

अशोक_चौक_सोल्डर

विषय संपला नाही, कट्टेवाले. तुमची स्टिक चालते ते बरोबर. एचडीएमआयच्या वायरीत १३ नंबरची पिन त्याच निरोपासाठी असते. टीव्हीला रिमोटचा हुकूम मिळाला की तो त्या पिनवरून पुढं ढकलतो. पण पुढच्या डब्याला तो निरोप कळायला पाहिजे ना. आपल्याकडं केबलवाल्यांनी जे बॉक्स वाटलेत, त्यातल्या बऱ्याच बॉक्समध्ये ती सोयच नाही. आणि ज्यांच्याकडं अजून लाल-पांढरी-पिवळी वायर आहे, त्यांनी तर नादच सोडावा, त्या वायरीतून नुसतं चित्र आणि आवाज जातो.

ताई, तरी चालू करून बघा, पैसे पडत नाहीत. टीव्हीच्या यादीत बॉक्सचं नाव दिसलं तर नशीब तुमचं.

मुळात हे दोन रिमोट आले कुठून ते सांगतो. आधी केबलची वायर थेट टीव्हीत जायची, टीव्हीच चॅनल पकडायचा, एका रिमोटवर घर चालायचं. मग डिजिटल केबलची सक्ती आली. पहिल्या टप्प्यात मुंबई-दिल्लीसारखी महानगरं आणि दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यात आपलं सोलापूर. मुदत होती ३१ मार्च २०१३. त्या दिवसांत माझ्या टेबलावर टीव्ही कमी आणि "मुंग्या दिसायल्यात" म्हणून येणारी माणसं जास्त. तेव्हापासून सिग्नल कुलूप लावून येतो, ते कुलूप बॉक्स उघडतो, चॅनल बॉक्स बदलतो, आणि टीव्ही नुसता पडदा आणि स्पीकर झालाय. म्हणून टीव्हीच्या रिमोटवरनं चॅनल बदलायचा हट्ट धरला की सगळं उलटंपालटं होतं.

आता उलट बाजूनं विचार करा. आजींना दिवसभरात टीव्हीचं लागतं काय? चालू-बंद आणि आवाज. बाकी सगळं काम बॉक्सचं. मग टीव्हीच्या रिमोटला बॉक्स शिकवण्यापेक्षा बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची तीन-चार बटणं शिकवा. बॉक्सच्या बऱ्याच रिमोटवर एका कोपऱ्यात चौकट आखलेली असते, त्यात 'टीव्ही' लिहिलेली चार-पाच बटणं असतात. ती कोरी असतात, शिकवायचीच असतात. बॉक्स लावायला आलेला पोरगा हे सांगत नाही, कारण त्याला अजून पंधरा घरं करायची असतात.

करायचं असं. दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल घाला. टेबलावर दोघांची तोंडं समोरासमोर, मध्ये दोन बोटं जागा. बॉक्सच्या रिमोटवरचं सेट बटण (काहीत टीव्ही पॉवरच) दाबून धरा, लाल लाईट स्थिर पेटेपर्यंत. मग त्याच्यावरचं जे बटण शिकवायचं ते एकदा दाबा, लाईट लुकलुकायला लागेल. आता टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण दाबा. लाईट दोन-तीनदा चमकून परत स्थिर झाला की शिकला. सगळं झालं की परत सेट. कंपनीप्रमाणं थोडा फरक पडतो, पण चाल हीच. खिडकीच्या उन्हात करू नका. रिमोट ज्या अदृश्य उजेडानं बोलतो, तोच उन्हातही असतो, रिमोट भलतंच काहीतरी शिकून बसतो.

आणि एक, सोर्सचं बटण शिकवू नका. तिथं चौकटीत एव्ही म्हणून असतं, ते कोरंच राहू द्या. आजींचं बोट तिथंच जाणार आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येणार, लिहून घ्या.

चाटी_गल्ली_४१

आमच्याकडं दोन्ही रिमोट रबर लावून पाठीला पाठ बांधलेत. सहा वर्षं झाली, काही अडत नाही. तुमचं चालू द्या.

जुळे_सोलापूरची_सून

सोल्डरदादा, आधी सीईसी चालू करून बघितलं, यादी रिकामीच. मग तुम्ही सांगितलं तसं केलं. चौकट सापडली, इतकी वर्षं रिमोट हातात होता आणि ती चार बटणं आम्ही शोभेची समजत होतो! पॉवर पहिल्या फटक्यात शिकला. पण आवाज काही केल्या शिकेना. लाल लाईट लुकलुकत राहतो आणि शेवटी विझून जातो. रिमोट खराब म्हणायचा का?

अशोक_चौक_सोल्डर

रिमोट ठणठणीत आहे. तुमच्या टीव्हीच्या रिमोटवर माईकचं चित्र आहे ना? मग हे होणारच.

मोबाईलचा कॅमेरा चालू करा, पुढचा, सेल्फीचा. मागच्या कॅमेऱ्याला पुष्कळ फोनमध्ये रिमोटचा उजेड अडवणारी गाळणी असते. टीव्हीच्या रिमोटचं तोंड कॅमेऱ्यापुढं धरा आणि पॉवर दाबा. पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकेल. डोळ्याला तो दिसत नाही, कारण तो इन्फ्रारेड आहे, ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा. आता आवाजाचं बटण दाबा. माझा अंदाज, काही दिसणार नाही.

कारण माईकवाले हे रिमोट टीव्हीशी ब्लूटूथनं बोलतात. पॉवर तेवढा बऱ्याचदा इन्फ्रारेडवर ठेवतात. तुमच्या बॉक्सच्या रिमोटला फक्त उजेडाची भाषा कळते. सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा उजेड, त्यातच सगळा निरोप. ब्लूटूथ त्याला ऐकूच येत नाही, मग शिकणार काय, कप्पाळ?

उपाय दोन. एक म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन रिमोटची ब्लूटूथ जोडणी तोडायची. काही रिमोट जोडणी तुटली की आवाजही इन्फ्रारेडवर पाठवतात. शिकवून झालं की परत जोडायचा. दुसरा, आणि मी गिऱ्हाइकाला हाच सांगतो: नवी पेठेत तुमच्या मॉडेलचा साधा, बिनमाईकचा रिमोट मागा. टीव्हीला समोरून इन्फ्रारेडचा डोळा असतोच बहुतेक, तो त्याचं ऐकतो. दुकानात टीव्ही नेता येत नाही, म्हणून मागच्या स्टिकरचा फोटो घेऊन जा. नुसतं कंपनीचं नाव सांगितलं तर तो भलताच गळ्यात मारेल.

विडी_घरकुल_वायफाय

अजून एक वाट आहे. शाओमीचे बरेच फोन आहेत ज्यांच्या डोक्यावर काळा ठिपका असतो, त्यात इन्फ्रारेड आहे. त्यांच्या 'मी रिमोट' नावाच्या अॅपमध्ये आपल्याकडच्या बॉक्सची यादीपण आहे. आणि एलजीचा मॅजिक रिमोट असेल तर त्यात युनिव्हर्सल कंट्रोल असतं, सेटिंगमध्ये बॉक्सची कंपनी निवडायची, टीव्हीचाच रिमोट बॉक्स चालवतो. ताईंनी मूळ विचारलं होतं ते हेच. सॅमसंगच्या काही टीव्हीतपण आहे.

अशोक_चौक_सोल्डर

वायफायभाऊ, बरोबर. फक्त कंपनीच्या यादीत आपल्या केबलचा बॉक्स निघाला पाहिजे. डिश-बिशवाल्यांचे सापडतात, लोकल केबलचे शोधताना घाम निघतो. आणि फोनवरनं चॅनल बदलायचं आजींना सांगून बघा तुम्ही, मग इथं येऊन लिहा काय झालं.

जुळे_सोलापूरची_सून

झालं! कॅमेऱ्यात पॉवरचा ठिपका दिसला, आवाजाचा अजिबात नाही. माझा मुलगा आता घरातले सगळे रिमोट कॅमेऱ्यापुढं धरत फिरतोय, एसीचासुद्धा. जोडणी तोडून आमचा रिमोट काही इन्फ्रारेडवर आला नाही, म्हणून नवी पेठेतून साधा रिमोट आणला. आवाज लगेच शिकला.

आता दोन शंका. एक, टीव्ही चालू केला की तो सिनेमांच्या पानावरच उघडतो, बॉक्सवर जायला परत टीव्हीचाच रिमोट लागतो. दोन, बॉक्सच्या रिमोटवर आता आवाजाच्या दोन जोड्या झाल्यात, एक बॉक्सची, एक टीव्हीची. सासूबाई कुठली दाबतील त्याचा नेम नाही.

अशोक_चौक_सोल्डर

पहिल्याचं: टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू झाल्यावर काय दाखवायचं याचा पर्याय बऱ्याच गूगलवाल्यांत असतो, पॉवर किंवा इनपुटच्या पानावर बघा. तिथं शेवटचा इनपुट किंवा एचडीएमआय १ निवडा. तो पर्यायच नसेल तर संध्याकाळी टीव्ही बंद करताना नुसता स्टँडबायला ठेवा, मागचा स्विच पाडू नका. स्विच पाडला की पुष्कळ टीव्ही परत घरच्या पानावरनं सुरुवात करतात. आपल्याकडं लाईट गेली की तेच होणार म्हणा, त्याला इलाज नाही.

दुसऱ्याचं: बॉक्सचा आवाज वर नेऊन ठेवा, पूर्ण टोकाला नको, काही बॉक्स टोकाला फाटल्यासारखा आवाज देतात. मग रोजचा कमी-जास्त टीव्हीच्या जोडीवर. त्या जोडीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या.

जुळे_सोलापूरची_सून

इनपुटचा पर्याय सापडला, जमलं. नेलपॉलिश लाल लावलं. सासूबाईंनी हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, हे बरं आहे, चष्मा लागत नाही. आता त्यांची नवी मागणी: आपली पाच-सहा चॅनलं एकापाठोपाठ यावीत, मधली सगळी गाळून. होईल का?

अशोक_चौक_सोल्डर

बॉक्सच्या रिमोटवर फेव्ह (म्हणजे आवडती) लिहिलेलं बटण असेल. त्यांची चॅनलं एकेक करून त्यात टाका. मग फेव्हची यादी चालू ठेवून वर-खाली दाबलं की बऱ्याच बॉक्समध्ये तेवढीच फिरतात. आणि तो माईकवाला रिमोट कपाटात टाका पण सेल काढून, नाहीतर आत सेल फुटून पाणी सोडतात. टीव्हीचं अपडेट आलं किंवा वायफायचा पासवर्ड बदलला की तोच लागणार आहे.