‘एका खोलीतली बडबड’ म्हणून ‘१२ अँग्री मेन’ निकालात काढणाऱ्यांसाठी

रात्रपाळी:
‘सुट्टीत पाहिलेले अमेरिकन सिनेमे’ हा लेख वाचला. गॉडफादर अंधारा आणि संथ, शॉशँक रिडेम्प्शन उत्तम, टायटॅनिकचा पहिला दीड तास कापावा. ठीक आहे, ज्याची त्याची आवड. पण खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत बसलेल्या बारा जणांचा १९५७चा ‘१२ अँग्री मेन’, त्याची बोळवण एका ओळीत: ‘एका खोलीतली बडबड, नाटकच ठेवायचं होतं.’ हे वाचून राहवलं नाही.

अहो, ते आधी नाटकच होतं, टीव्हीसाठी १९५४ साली केलेलं. रेजिनाल्ड रोझ स्वतः ज्यूरीत, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात, बसून आला आणि मग त्यानं ते लिहिलं. सिडनी ल्युमेटनं सिनेमा करताना कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या रेषेत आणला, शेवटी त्याहून खाली. लेन्सही बदलत नेल्या. म्हणून भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात, छत दिसायला लागतं, आपल्यालाच कोंडल्यासारखं होतं. हे रंगमंचावर कसं करणार?

शेवटचीरांग:
लेख माझाच. मी समीक्षक नाही. दिवसभर दुकान, रात्री दहानंतर सिनेमा. ९६ मिनिटं माणसं बोलत बसतात, मला कंटाळा आला. कंटाळ्याला पुरावा द्यायचा का? याच गोष्टीवरचा ‘एक रुका हुआ फैसला’ मी एका दमात पाहिला. पंकज कपूर चिडतो तेव्हा आपल्या गल्लीतलाच माणूस वाटतो.

काळाकोट:
त्या हिंदी सिनेमाचं कौतुक नको. १९८६ साली आपल्याकडे ज्यूरी होती कुठे? १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. आणि मूळ सिनेमातही आठव्या ज्यूररनं आरोपीच्या वस्तीत जाऊन खुनातल्या चाकूसारखाच चाकू विकत आणणं हा सरळ नियमभंग आहे. न्यायाधीशाला कळलं तर ज्यूरी बरखास्त होईल, खटला पुन्हा पहिल्यापासून. वीस वर्षं वकिली करतोय, मला तो प्रसंग बघवत नाही.

पिटातला:
ज्यूरी गेली ते उत्तम झालं. नानावटी खटला आठवा, १९५९, मुंबई. नौदल अधिकारी नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या होत्या. नऊपैकी आठ जण म्हणाले निर्दोष. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडउघड नानावटींच्या बाजूनं लिहीत होता, शहर भारावलेलं. न्यायाधीशांना कौल पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. माणसं बाहेरचं वारं घेऊनच खोलीत शिरतात.

रात्रपाळी:
अवांतर होतंय. सिनेमावर बोलूया का?

काळाकोट:
अवांतर कसं? हाच तर सिनेमाचा विषय आहे! नानावटींचं उदाहरण जो तो तोंडावर फेकतो. तिथे आठ विरुद्ध एकवर कौल झाला. सिनेमात बाराही जणांचं एकमत लागतं, म्हणून एक जण अडला की उरलेल्या अकरांना बोलणं भाग पडतं. मुंबईतल्या त्या नवव्या माणसाचं ऐकायला कुणी बांधील नव्हतं.

पिटातला:
मला कायदा शिकवू नका. आमच्या जमिनीचा दावा एकोणीस वर्षं तारखांवर चाललाय, आई निकाल न बघता गेली. तिथे ज्यूरी नाही, एकमताची अट नाही, तरी कुणी बोलत नाही. नवव्या माणसाचा मुद्दा बरोबर आहे, एवढंच मान्य करतो.

जर्सीतली:
न्यू जर्सीत मी ज्यूरीवर बसले आहे. चोरीच्या मालाचं प्रकरण. अकरा जण दोषी म्हणत होतो, एक निवृत्त शिक्षिका तयार नव्हत्या. त्यांना एक साक्ष पुन्हा ऐकायची होती. मला सहाच्या आत मुलीला पाळणाघरातून आणायचं होतं. मी त्यांच्यावर आवाज चढवला, सगळ्यांसमोर. साक्ष पुन्हा ऐकवली गेली, त्यांचं समाधान झालं आणि निकाल दोषीच लागला. पण ती न ऐकताच मी एका माणसाला तुरुंगात धाडायला निघाले होते.

त्या सिनेमातल्या सातव्या ज्यूररला बेसबॉलच्या सामन्याची तिकिटं खिशात जळत असतात. कॉलेजात त्याची चीड यायची. आता तो पडद्यावर आला की मी मान खाली घालते.

काळाकोट:
ताई, साक्ष पुन्हा मागणं हा त्यांचा हक्क होता. चाकू आणणं नाही. माझं म्हणणं तेवढंच.

शेवटचीरांग:
बरं. रविवारी दिवसा पुन्हा बघतो, झोपेच्या वेळी नाही. टायटॅनिकबद्दलचं मत बदलणार नाही.

रात्रपाळी:
नका बदलू. फक्त भिंतीवरच्या पंख्याकडे लक्ष ठेवा.

शेवटचीरांग:
तो बंद असतो ना?

रात्रपाळी:
पाऊस येतो, अंधारतं, कुणीतरी दिवे लावतं. तेव्हा चालू होतो.