शंभर झाडं की पंचवीस? अनुदानाच्या अर्जाबद्दल

प्रेषक: बागगट समन्वयक
प्रति: मराठी मंडळाचे सर्व सभासद

मंडळी, नमस्कार.

रेल्वेरुळालगतच्या ज्या पट्ट्यावर आपण गेली दोन वर्षं शनिवारी सकाळी काम करतो, त्याच्यासाठी पैसे मिळण्याची संधी आली आहे. परिसरातल्या हिरव्या जागा सांभाळणाऱ्या गटांना लहान अनुदान देतात, त्याचे अर्ज सुरू झालेत. मुदत महिनाअखेरपर्यंत. माझा कच्चा मसुदा असा: शंभर झाडं, दोन बाकं, एक माहितीफलक आणि थोडी अवजारं. एवढ्यात कमाल रक्कम पूर्ण वापरली जाते. सगळी झाडं एकाच दिवशी लावू, मुलांसकट सगळ्यांना बोलावू. सूचना कळवा.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, मसुदा वाचला. कल्पना मनापासून आवडली, म्हणून पैशाच्या बाजूच्या अडचणी आत्ताच मांडतो.

बागगटाची नोंदणी नाही, तेव्हा अर्ज मंडळाच्या नावानं जाईल. माझी त्याला ना नाही. पण खात्यात आले म्हणून ते पैसे मंडळाचे होत नाहीत. ज्या कामासाठी मिळतील त्यावरच खर्च करायचे, आणि त्यांची नोंद वेगळी ठेवायची. शिवाय नियम नीट वाचा. रक्कम आगाऊ मिळत नाही. आधी खर्च, मग पावत्या, मग परतफेड. तोवर मंडळाचे पैसे अडकतील, म्हणून कार्यकारिणीचा ठराव लागेल.

आपला वाटाही अनुदानाइतकाच दाखवायचा आहे, पण तो रोख असण्याची सक्ती नाही. श्रमाचे तास धरतात. मात्र मागच्या दोन वर्षांचे नाही, अनुदानाच्या काळातलेच. म्हणून येत्या शनिवारपासून हजेरीची वही हवी: नाव, तारीख, आलेली वेळ, गेलेली वेळ, सही. अंदाजपंचे तास लिहिलेले मी पुढे पाठवणार नाही.

आणि जागेची परवानगी लेखी घ्या. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बोवरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्यानं भरलेली जागा साफ करून बाग केली. पुढच्याच वर्षी शहरानं ती महिना एक डॉलर भाड्यानं दिली. तिच्यापाठोपाठ शहरभर अशा बागा झाल्या, आणि १९९९ मध्ये त्यांतल्या शंभराहून अधिक जागा शहरानंच लिलावात काढल्या. दोन सेवाभावी संस्थांनी त्या ऐन वेळी विकत घेतल्या म्हणून वाचल्या. आपल्याला तोंडी 'करा की' म्हणणारा अधिकारी उद्या बदलून गेला तर?

---

प्रेषक: एक सभासद (निवृत्त, उद्यान विभाग)

ताई, खजिनदारांचं सगळं पटलं. मी फक्त झाडांबद्दल लिहितो, कारण माझी उभी नोकरी त्यातच गेली.

शंभर झाडं मागू नका.

खोडाची जाडी अडीच सेंटिमीटर असेल तर पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत झाडाला आठवड्याला साधारण ४० लिटर पाणी लागतं. शंभर झाडांचं झालं ४,००० लिटर, म्हणजे दहा लिटरच्या चारशे झाऱ्या. आपल्या पट्ट्यावर नळ नाही. शनिवारी आपण किती जण असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि हे एका उन्हाळ्यात संपत नाही, मुळं नीट पसरेपर्यंत दोन-तीन वर्षं लक्ष ठेवावं लागतं.

मागे एका गटाबरोबर मी अशीच लागवड केली होती. सगळं अनुदान रोपांवर गेलं, पाण्यासाठी काहीच उरलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात बहुतेक रोपं वाळली. अहवालात मात्र लावलेल्या झाडांचा आकडा गेला आणि तो वाचून सगळे खूश झाले. मी त्यावर सही केली होती. ते मला आजही बोचतं.

म्हणून पंचवीस मागा, आणि मोठी नकोत. रोप लहान असेल तर ते लवकर रुजतं आणि स्वस्तही पडतं. उरलेल्या पैशातून नळजोडणी, लांब पाइप आणि खोडाभोवती पसरायला लाकडाचा जाडाभरडा भुगा (बारीक ढलप्या) घ्या. भुगा पाच ते दहा सेंटिमीटर जाड असावा, पण खोडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर साल कुजते. लावताना खोड जिथे रुंदावून मुळांकडे वळतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. हौसेनं खोल लावलेली झाडं दोन-चार वर्षांनी कुढत मरतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. आधाराची काठी वर्षभरानं काढायची, हेही आत्ताच वहीत लिहून ठेवा.

कडेला भाजीचे वाफे करायची चर्चा झाली होती. रुळालगतची जुनी जागा आहे, आधी मातीची चाचणी करा. जुन्या रंगातलं आणि पेट्रोलमधलं शिसं मातीत तसंच राहतं, ते कुजून जात नाही. शिसं जास्त निघालं तर बाहेरची स्वच्छ माती आणून उंच वाफे करायचे. चाचणीचा खर्चही अर्जात घाला.

देणाऱ्यांना देखभालीचा खर्च रुचेल का, अशी शंका असेल तर फिलाडेल्फियाचं उदाहरण द्या. तिथे ५४१ ओसाड जागांवर प्रयोग झाला, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. काही जागा साफ केल्या, गवत पेरलं, थोडी झाडं लावली, बुटकं कुंपण घातलं. काहींना हातच लावला नाही. हिरव्या केलेल्या जागांजवळच्या लोकांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण तुलनेनं ४१.५ टक्क्यांनी घटलं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते: त्या जागांची देखभाल दर महिन्याला होत होती.

---

प्रेषक: बागगट समन्वयक

काका, तुमची मेल दोनदा वाचली. शंभरचा आकडा मी अर्ज भरीव दिसावा म्हणून घातला होता, पाण्याचा हिशेब केलाच नव्हता. नवा मसुदा जोडलाय: पंचवीस लहान रोपं, नळजोडणी, पाइप, भुगा, माती चाचणी, आणि स्वयंसेवकांना काम करताना इजा झाली तर म्हणून विमा. बाक एकच ठेवलंय. ते मला काढवेना, कारण रोज संध्याकाळी तिथे कठड्यावर टेकणारे आजोबा मी पाहते. फलक वगळला.

अहवालात 'किती लावली' याच्या शेजारी 'दुसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली' असा रकाना मी स्वतःहून घातलाय. त्यांनी मागितलेला नाही.

लेखी परवानगीचं पत्र आज पाठवलं. पाण्याच्या पाळ्यांसाठी वर्षभराचा तक्ता केलाय. सुट्टीच्या सहा आठवड्यांत अजून कुणाचंच नाव नाही.

---

प्रेषक: एक सभासद

त्या सहापैकी पहिले तीन आठवडे आमच्या नावावर लिहा. आम्ही कुठे जात नाही आहोत. मुलगी मोठी झाली आहे, पाइप तिला झेपेल. उरलेल्या तिनांसाठी शेजारच्या इमारतीतल्या दोघांना विचारते. ते मराठी नाहीत, पण त्यांची खिडकी त्याच पट्ट्यावर उघडते.