ससूनच्या १६ नंबर वॉर्डचा जाब हवालदारापाशीच का थांबतो?

मृद्गंध
ललित पाटील प्रकरण लोक विसरत चाललेत, म्हणून हा धागा काढतेय.

आठवण करून देते. ३० सप्टेंबर २०२३ ला पुण्यात ससून रुग्णालयाच्या दारातच पोलिसांनी किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे एमडी हा अमली पदार्थ, पकडलं. तपास ज्याच्यापर्यंत पोचला तो आरोपी ललित पाटील आत, कैद्यांच्या १६ नंबर वॉर्डात, पोलिसांच्या पहाऱ्यात होता. २०२० मधल्या चाकणच्या २० किलो एमडीच्या गुन्ह्यातला हा आरोपी. दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, एक्स-रेसाठी बाहेर काढला असताना तो पळाला. त्याला पकडलं मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी, १७ ऑक्टोबरच्या रात्री, बंगळुरूजवळ. त्याआधी नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखानाही त्यांनीच शोधून काढला होता. सगळा मिळून मुद्देमाल दीडशे किलोंच्या आसपास.

अटकेनंतर तो माध्यमांसमोर म्हणाला की मी पळालो नाही, मला पळवलं. आरोपीच्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पण ‘कोणी पळवलं?’ याचं उत्तर कुठवर गेलं ते बघा. बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले, काहींना अटक झाली, काही बडतर्फ झाले. ससूनचे अधिष्ठाता पदावरून गेले. येरवडा कारागृहातल्या एका डॉक्टरला अटक झाली. त्याच्या वर कोणीच नव्हतं का?

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्याच्या ५९व्या कलमात लिहिलंय की आरोपी ताब्यात असलेल्या अधिकाऱ्याने जाणूनबुजून गुन्ह्याला साथ दिली, तर त्याला १० ते २० वर्षं सक्तमजुरी. तस्कराला जेवढी शिक्षा, तेवढीच. पण त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात अट आहे: सरकारच्या पूर्वमंजुरीने केलेली लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. बोट सरकारी खात्याकडे जाणार आणि परवानगीही सरकारच देणार. माझं म्हणणं एवढंच आहे की ही मंजुरी गृहखात्याच्या हातात ठेवू नका.

निवृत्त_खाकी
ताई, तुमचा राग समजतो, पण मागणी चुकीची आहे. नोकरीतली बरीच वर्षं मी एनडीपीएसच्या केसेस केल्यात.

हा कायदा तपास अधिकाऱ्याला किती बांधून ठेवतो ते बाहेरच्यांना कळत नाही. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कारण आधी लिहून ठेवायचं. खबर मिळाली तर ७२ तासांत वरिष्ठांना लेखी कळवायचं. अंगझडतीआधी आरोपीला सांगायचं, की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा तुला हक्क आहे. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर. एक कागद इकडचा तिकडे झाला की आरोपी सुटतो, आणि त्याचे वकील पहिला आरोप करतात तो आमच्यावर: माल तुम्हीच ठेवला. मंजुरीची अट काढली तर प्रत्येक मोठा तस्कर जामिनाच्या अर्जाबरोबर अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार टाकेल. मग कोण हात घालेल अशा केसला?

आणि ज्या पुणे पोलिसांना तुम्ही नावं ठेवताय, त्यांनीच फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना पकडला. पुणे, कुरकुंभ, दिल्ली धरून १,७०० किलोंच्या वर एमडी. तेही मोजा.

गोदाकाठ
मी नाशिकरोडला राहते. शिंदे गाव आमच्यापासून पुणे हायवेने फार लांब नाही. शाळेत शिकवते, म्हणून हा विषय मला पेपरातल्या बातमीपुरता राहत नाही.

खाकीदादा, कुरकुंभचं कौतुक आहेच. पण माझा प्रश्न वेगळा आहे. कारखाना काही एका रात्रीत उभा राहत नाही. त्याला जागा लागते, भाडेकरार लागतो, वीज लागते, रसायनांचे पिंप टेम्पोने आणावे लागतात. हे सगळं आमच्या गावाशेजारी चाललं, आणि ते उघडं करायला मुंबईच्या एका उपनगरातल्या पोलीस ठाण्याला यावं लागलं. त्या वेळी इथल्या लोकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘म्हणजे इथं कोणालाच माहीत नव्हतं?’ निष्काळजीपणा होता की संगनमत, हे मला नाही कळणार. ते कोणीतरी तपासून जाहीर सांगायला हवं होतं. पालक मला विचारतात, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

भर_दुपार
हे सगळं राजकारण आहे. ज्याची सत्ता त्याच्यावर आरोप. विरोधक सत्तेत आले की तेही गप्प बसतील.

कोर्टाची_पायरी
वरच्या प्रतिसादात अर्धं सत्य आहे, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं होतं की २०२० मध्ये अटक झाल्यावर हा आरोपी पोलीस कोठडीचे दिवस ससूनमध्येच राहिला आणि त्याची चौकशीच झाली नाही. २०२० मध्ये महाविकास आघाडीचं सरकार होतं. हा मुद्दा त्यांनी विरोधकांना गप्प करायला वापरला. मला तो उलट वाटतो. दोन वेगवेगळ्या सरकारांच्या काळात तोच आरोपी त्याच रुग्णालयात आसरा मिळवतो, तर मग हा प्रश्न कोणत्या एका पक्षाचा राहतच नाही. मंत्री बदलले तरी चालू राहणारी व्यवस्था आहे ती.

आता कायद्याचं. खाकीसाहेबांची भीती खोटी नाही. मंजुरी पूर्ण काढून टाकणं मलाही पटत नाही. पण मधला रस्ता कायद्यातच तयार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये सरकारी नोकरावरच्या खटल्याच्या मंजुरीला १२० दिवसांची मुदत घातली आहे. सरकारने तेवढ्यात निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. एनडीपीएसच्या ५९व्या कलमात अशी मुदतच नाही. फाईल वर्षानुवर्षं पडून राहिली तरी सरकारने नकार दिला असं कोणाला म्हणता येत नाही, त्यामुळे त्या नकाराला आव्हानही देता येत नाही. हीच मुदत तिथे आणा.

दुसरी बाजूही विसरू नका. ऑक्टोबर २०२१ च्या क्रूझ प्रकरणात आर्यन खान तीन आठवड्यांहून जास्त कोठडीत होता. मे २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून खुद्द एनसीबीनेच, म्हणजे त्याला पकडणाऱ्या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेनेच, त्याला दोषारोपपत्रातून वगळलं. बापाकडे नामांकित वकील होते म्हणून तो निदान जामिनावर तरी सुटला. विनाकारण झडती आणि अटकेला याच कायद्याचं ५८वं कलम शिक्षा सांगतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! जाब विचारायचा तो तस्कराला सोडणाऱ्याला आणि निर्दोषाला अडकवणाऱ्याला, दोघांनाही.

निवृत्त_खाकी
वकीलसाहेब, १२० दिवसांना माझी हरकत नाही. पण मंजुरी आपोआप मिळाली असं धरण्याला आहे. मंत्रालयात फाईल अडली याची शिक्षा त्या अधिकाऱ्याने का भोगायची?

आणि एक सांगतो, ते मनावर घ्या. कैदी रुग्णालयात किती दिवस राहणार हे पहाऱ्यावरचा हवालदार ठरवत नाही. डॉक्टर लिहितो, कारागृह मान्य करतं, आम्ही दाराशी उभे. दोन माणसं, बारा तासांची ड्युटी, आणि एक्स-रेला न्या म्हटलं की न्यायचं. ज्यांनी पैसे खाल्ले असतील त्यांना सोडू नका, मीच पहिला म्हणेन. पण बडतर्फ होताना नेहमी सगळ्यात खालच्या पायरीवरचाच होतो, हे मृद्गंधताई म्हणाल्या ते खरं आहे. तेवढं मी मान्य करतो.

मृद्गंध
दादा, मग आपण दोघं एकाच जागी उभे आहोत. दाराशी उभ्या असलेल्याला शिक्षा आणि कागदावर सही करणाऱ्याला नुसती बदली, हेच मला बोचतं.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे असं कोणी म्हणेल. आहे. पण त्याचा अहवालही जातो राज्य सरकारकडेच.

मी माहिती अधिकारात गृह विभागाला अर्ज करतेय. २०२० पासून कलम ५९ खाली मंजुरीचे किती प्रस्ताव आले, असं विचारणार आहे.

गोदाकाठ
नाशिकसाठी मी वेगळा अर्ज करते. मला मसुदा पाठवाल का?

निवृत्त_खाकी
मत माझं बदललेलं नाही. पण अर्ज असा मोघम करू नका, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल. असं लिहा: प्रस्ताव आल्याची तारीख, पाठवणाऱ्या कार्यालयाचं नाव, मंजूर, नामंजूर की प्रलंबित, आणि निर्णयाची तारीख. आवक-जावक नोंदवहीची प्रत मागा. माणसांची नावं मागू नका, त्यावरून अर्ज फेटाळतील.