पाच स्क्रूंचे स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर : निर्मितीकाळ नेमका कसा ठरवावा?

प्रश्न

माझ्या संग्रहात नुकतीच .३८ स्पेशल कॅलिबरच्या, चार इंची नळीच्या ‘मिलिटरी अँड पोलीस’ रिव्हॉल्व्हरची भर पडली आहे. त्याची कायदेशीर नोंद पूर्ण झाली आहे. विक्रेत्याच्या मते ते दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे, १९३० च्या दशकातले आहे. साइडप्लेटवर (आतली यंत्रणा झाकणाऱ्या बाजूच्या पट्टीवर) चार आणि ट्रिगर गार्डच्या पुढच्या बाजूला एक असे पाच स्क्रू त्याला आहेत, आणि ‘पाच स्क्रू म्हणजे युद्धपूर्व’ असे त्याने ठामपणे सांगितले. मात्र मुठीच्या तळाशी असलेल्या अनुक्रमांकाच्या आरंभी इंग्रजी ‘सी’ हे अक्षर आहे आणि चौकटीच्या उजव्या बाजूला चार ओळींत कंपनीचे नाव-गाव कोरलेले आहे. संपूर्ण शस्त्र एकसारखे गडद निळे-काळे असून हॅमर आणि ट्रिगरही त्याच रंगाचे आहेत. विक्रेत्याचे म्हणणे मान्य करावे का, आणि नसेल तर निर्मितीकाळ कसा ठरवावा?

प्रतिसाद १

आपले रिव्हॉल्व्हर युद्धपूर्व नाही, असे या वर्णनावरून निःशंकपणे सांगता येते. पाच स्क्रूंची रचना महायुद्धाबरोबर संपली नाही. या आकाराच्या चौकटीवर साइडप्लेटचा वरचा स्क्रू साधारण १९५५ मध्ये वगळला गेला, आणि ट्रिगर गार्डसमोरचा स्क्रू १९६० च्या दशकाच्या आरंभी गेला. म्हणजे पाच स्क्रू ‘१९५५ च्या सुमारास किंवा त्याआधी’ एवढेच सांगतात. काळाची वरची मर्यादा त्यांतून मिळते, खालची मिळत नाही.

खालची मर्यादा अनुक्रमांक देतो. युद्धकाळात बनलेल्या ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्व्हरांच्या क्रमांकाआधी ‘व्ही’ असे. एक शस्त्र खाली पडून गोळी सुटल्याच्या घटनेनंतर हॅमर अडवणारी सुधारित यंत्रणा बसवली गेली, तेव्हा त्या ‘व्ही’ला ‘एस’ची जोड मिळाली. युद्धानंतर नुसता ‘एस’ काही काळ चालला आणि १९४८ मध्ये ‘सी’ मालिका सुरू झाली. उजव्या बाजूचा चार ओळींचा मजकूरही १९४८ पासूनचा आहे. त्याआधी तेथे ‘मेड इन यू. एस. ए.’ अशी एकच ओळ असे. या दोन खुणा एकमेकींशी जुळतात, ही समाधानाची बाब आहे.

आता सिलिंडर बाजूला उघडून योकच्या (सिलिंडरला धरून बाहेर वळणाऱ्या भागाच्या) खाचेत पाहावे. कंपनीने १९५७ मध्ये मॉडेलना आकडे दिले आणि हेच रिव्हॉल्व्हर ‘मॉडेल १०’ झाले. तो आकडा त्या खाचेत कोरला जाई. तो तेथे नसेल तर १९४८ ते १९५५ हा काळ पक्का धरता येईल. ही तपासणी करण्यापूर्वी सहाही कोठ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी.

प्रतिसाद २

काळाविषयी वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला काळजी वाटते ती हॅमर आणि ट्रिगरच्या रंगाची. या कंपनीच्या निळ्या रिव्हॉल्व्हरांवर हे दोन भाग निळे नसत. त्यांचे कठिणीकरण केलेले असे आणि त्या प्रक्रियेतून पोलादावर तपकिरी, राखी व निळसर छटांचे ढग उमटत. ते दोन्ही भाग चौकटीइतकेच काळे असतील, तर संपूर्ण शस्त्राचे ब्लूइंग (पोलादाला निळा-काळा रंग आणण्याची प्रक्रिया) कुणीतरी नंतर पुन्हा केले आहे, आणि बहुधा कारखान्याबाहेर केले आहे, कारण कारखान्यातील कारागीर हे भाग निळे करीत नसत.

याची पडताळणी करण्यासाठी तिरपा उजेड टाकून कोरीव अक्षरांकडे पाहावे. मूळ अक्षरांच्या कडा धारदार असतात. पॉलिशच्या चाकाखाली गेलेली अक्षरे उथळ होतात आणि एका बाजूला ओढल्यासारखी दिसतात. स्क्रूंच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो, आणि साइडप्लेटचा सांधा, जो मूळ शस्त्रावर शोधूनही सहज सापडत नाही, तो रेषेसारखा उठून दिसू लागतो.

मुठीचे लाकूड काढून आतली बाजूही पाहावी. शस्त्र कारखान्यात परत जाऊन नव्याने रंगवले गेले असेल, तर अनुक्रमांकाजवळ छोटा तारा आणि मुठीच्या चौकटीवर महिना-वर्षाचा शिक्का सापडण्याची शक्यता असते. अनुक्रमांक सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या लाकडी पट्टीच्या आतही असतो. ते सर्व ताडून पाहावेत. स्क्रू काढताना खाचेत नेमका बसणारा, समांतर कडांचा स्क्रूड्रायव्हर वापरावा, ही कळकळीची विनंती. एका घाईच्या संध्याकाळी मी सत्तर वर्षे अबाधित राहिलेली खाच बिघडवली, आणि ती भरून येत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. योकच्या खाचेत मॉडेलचा आकडा नाही. नळी आणि सिलिंडरवरील क्रमांक मुठीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतात. लाकडी पट्टीच्या आतला क्रमांक मात्र निराळा आहे. तारा किंवा तारखेचा शिक्का कुठेही नाही, आणि साइडप्लेटचा सांधा आपण वर्णन केला तसाच स्पष्ट दिसतो. ब्लूइंग नवे आहे हे मला आता मान्य करावेच लागेल. ते मूळ स्वरूपात परत आणता येईल का?

प्रतिसाद ३

आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घासले गेलेले धातूचे पापुद्रे परत येत नाहीत आणि दुसरे पॉलिश उरलेली अक्षरेही पुसून टाकील. नळी आणि सिलिंडर मूळचे आहेत, हे आपल्या रिव्हॉल्व्हरचे खरे मोल आहे.

खुणा एकमेकींशी ताडून पाहण्याची ही रीत इतर शस्त्रांनाही लागू पडते. कोल्टच्या १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीमध्ये सिलिंडरचा आस सुरुवातीला चौकटीच्या समोरून बसवलेल्या स्क्रूने धरलेला असे. १८९० च्या दशकात त्याजागी स्प्रिंगवर चालणारा आडवा खटका आला. ट्रिगर गार्डवरचा ‘व्ही’ आणि ‘पी’ अक्षरांचा त्रिकोणी शिक्का विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. समोरून स्क्रू असलेल्या चौकटीवर तो त्रिकोण आढळला, तर ट्रिगर गार्ड बदललेला असू शकतो किंवा शस्त्र नंतर कारखान्यात जाऊन आलेले असू शकते. वेब्ली मार्क सहा या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवर तर वर्षच कोरलेले असते, तरीही .४५५ ऐवजी .४५ एसीपी ही पिस्तुलांची काडतुसे बसावीत म्हणून सिलिंडरची मागची बाजू पुढे कधीतरी कापली गेली असेल, तर ते वर्ष त्याविषयी काहीच सांगत नाही. अशा सिलिंडरमध्ये पूर्ण दाबाची एसीपी काडतुसे वापरणे धोक्याचे आहे.

आपल्या नोंदवहीत एकच वर्ष लिहू नका. ‘१९४८ ते १९५५’ असे लिहा आणि शेजारी प्रत्येक खूण नोंदवा. नेमकी तारीख हवी असल्यास कारखान्याच्या जुन्या नोंदींवर आधारित पत्र मागवता येते. त्या पत्रातली तारीख माल पाठवल्याची असते, घडवल्याची नव्हे, आणि रिव्हॉल्व्हर क्रमांकांच्या ओळीने पाठवली जात नसत; त्यामुळे शेजारच्या क्रमांकाच्या शस्त्रावरून आपल्या शस्त्राचा महिना काढण्याचा प्रयत्न करू नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

नोंद तशीच केली आहे. विक्रेत्याने दिलेले ‘युद्धपूर्व’ असे वर्णन मी खोडलेले नाही. त्याखाली या सर्व खुणा आणि तिरप्या उजेडातली छायाचित्रे जोडली आहेत. लाकडी पट्ट्याही वेगळ्या क्रमांकासह तशाच ठेवणार आहे आणि पत्रासाठी अर्ज करणार आहे.