एसीएल दमल्यावरच तुटतो का?

प्रश्न (भुसावळ): भाऊ, व्यावसायिक फुटबॉल सामन्यात एसीएलला, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडून धरणाऱ्या लिगामेंटला, धोका ७५ मिनिटांनंतरच धरायचा का?

— नाही. इटलीतल्या व्यावसायिक फुटबॉलमधल्या १३४ एसीएल दुखापतींचा २०२० चा व्हिडिओ-अभ्यास बघा: ६२ टक्के पहिल्या हाफमधल्या. बहुतेकदा गुडघ्याला थेट धक्काच नाही. प्रेसिंगला, म्हणजे समोरच्याकडचा चेंडू हिसकावायला, धावून एकदम ब्रेक, पाय रोवलेला, गुडघा आत वळलेला.

— हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचं वेगळं, तो हाफ संपता संपता जास्त दुखावतो. दोघांना एका दावणीला बांधू नका. आणि लागोपाठच्या सामन्यांचा साचलेला थकवा घड्याळात कुठे दिसतो?

— जळगावच्या उन्हातही 'फिफा ११+' हा दुखापत टाळणारा वॉर्म-अप चुकवू नका: २० मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा, सरावाच्या आधी. उडीवरून उतरताना गुडघा पंजाच्या रेषेत हवा. मुलं नेमकं तिथेच घाई करतात.