मेंटॉर म्हणून नाव देऊ का? ज्यांनी हे काम केलंय, त्यांना काय मिळालं?

प्रश्न: जुळे_सोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. मी 31 वर्षांची, सुताच्या एका पेढीत अकाउंट्स बघते. ओळखीच्या एका संस्थेची सोलापूरच्या पूर्वभागात अभ्यासिका आहे. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला एक मोठं माणूस जोडून द्यायचं, आठवड्यातून एकदा भेटायचं, निदान वर्षभर, असा त्यांचा उपक्रम आहे. या मोठ्या माणसाला ते मेंटॉर म्हणतात. मला नववीतली एक मुलगी देतो म्हणालेत. आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत.

शिकवणी घ्यायची नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मग करायचं काय? घरचे म्हणतात, हक्काचा एक रविवार मिळतो, तोही घालवणार का? पुण्य लागतं, समाधान मिळतं, हे खूप जणांनी सांगितलं. पण ज्यांनी खरंच केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. रोजच्या जगण्यात तुमच्या पदरात काय पडलं?

---

बाई_निवृत्त

नाव जरूर द्या, पण वर्षभर जमणार असेल तरच. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था 1904 पासून हेच काम करते. त्यांच्या जोड्यांचा अभ्यास करून ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी 2002 मध्ये लेख लिहिला. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या, त्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत ज्या तुटल्या, तिथल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा घटलेला दिसला. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर मला याचं नवल वाटलं नाही. ज्या पोरांना मोठी माणसं अर्ध्यात सोडून गेलेली असतात, ती पुढच्या माणसाला लवकर जवळ येऊ देत नाहीत.

बाकी साधे नियम. पालकांची लेखी परवानगी घ्या. भेट अभ्यासिकेत किंवा चार माणसं असतील अशा ठिकाणी. मुलीने काही गंभीर सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका, लगेच संस्थेला कळवा. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेवा. आणि तिच्या धाकट्या भावंडांत कुणी आठवीत असेल, शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेची आठवण करा. पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. कित्येक घरांत ही परीक्षा असते हेच माहीत नसतं.

---

रंगखातं

ताई, तुम्ही पुण्य-समाधान बाजूला ठेवून विचारलंत, म्हणून मोकळेपणाने लिहितो. जरा लांबेल.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात आहे. शेड मॅचिंग माझ्याकडे. पार्टी कापडाचा तुकडा पाठवते, तोच रंग आपल्या सुतावर उतरवून द्यायचा. उमेदीची सगळी वर्षं यातच गेली. मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, जावई पण तिकडचेच. घरात मी आणि आमच्या सौ.

मला जोडून दिलेला पोरगा नववीत होता. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर कन्नड. सुरुवातीचे बरेच रविवार 'हो काका', 'नाही काका' यापुढे गाडी गेली नाही. मीही रेटलं नाही. अभ्यासिकेच्या पायरीवर बसायचो, मॅचचं बोलायचो, चहा घेऊन उठायचो. एकदा त्याच्या वहीत शेकडेवारीचं गणित दिसलं. मी वाकून बघतोय म्हटल्यावर त्याने वही मिटली. "काका, हे टक्के-बिक्के आपल्याला जमंनात. सोडा."

आता माझं पोटच टक्क्यांवर चालतं. पुढच्या खेपेला मी शेड कार्ड घेऊन गेलो. जाड पुठ्ठ्यावर एकाच निळ्या रंगाचे तुकडे चिकटवलेले असतात आणि खाली आकडे: अर्धा टक्का, एक, दोन, चार. अर्ध्याला फिकट आकाशी दिसतो तोच रंग चारला गडद निळा होतो. म्हटलं, दोन टक्के म्हणजे शंभर किलो सुताला दोन किलो रंग, एवढंच. तो तुकड्यांवरून बोट फिरवत राहिला. मग लॅबचं सांगितलं. लॅबमध्ये आम्ही सुताची 5 ग्रॅमची लडी घेतो. 100 मिली पाण्यात 1 ग्रॅम रंग विरघळवून ठेवलेला असतो. दोन टक्के शेड पाहिजे तर त्यातलं किती मिली घ्यायचं? पहिलं मी करून दाखवलं: 5 ग्रॅमचे दोन टक्के म्हणजे 0.1 ग्रॅम, म्हणजे 10 मिली. तीन टक्क्यांचं विचारायच्या आत तो म्हणाला, "पंधरा." मग थांबेचना. अडीचशे किलोचा लॉट, तीन टक्के, किती रंग? साडेसात किलो. आणि पाणी? म्हटलं, एकास दहा धर, किलोला दहा लिटर. तर अडीच हजार लिटर.

इथे तो थांबला. नळाला तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं आपल्याकडे, आणि त्यांच्या घरी पाणी भरायचं काम याच्याकडे. म्हणाला, "म्हणजे आमची दोनशे लिटरची साडेबारा बॅरलं. एका लॉटला." मी सांगितलं, हे फक्त रंगवायचं पाणी झालं, नंतर धुवायचं वेगळं. तर म्हणाला, "अन् मग ते पाणी जातं कुठं?"

ताई, रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढावा म्हणून आम्ही पाण्यात मीठ घालतो, मग तो पक्का बसावा म्हणून सोडा. सुताला न लागलेला रंग आणि ते सगळं मीठ पाण्यातच राहतं. रंग औषध टाकून बराचसा खाली बसवता येतो. मीठ बसत नाही, ते विरघळलेलं असतं. ते काढायचं तर आरओसारखी यंत्रणा लागते आणि ती महाग पडते. हे सगळं मी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं. अभ्यासिका बंद करायची वेळ झाली तरी आमचं चालूच होतं.

माझ्या कामाबद्दल असा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मालक विचारतो, लॉट कधी निघणार. पार्टी विचारते, शेडमध्ये फरक का दिसतोय. घरचे विचारतात, यायला किती वाजतील. हा पोरगा विचारत होता की हे काम मुळात चालतं कसं, आणि त्याचं पुढे होतं काय. त्या रात्री जेवताना मी सौ.ना मिठाचं आणि पाण्याचं सांगत बसलो. एवढी वर्षं संसार झाला, पण मी दिवसभर काय करतो हे मी त्यांना असं नीट कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी पण किती प्रश्न विचारले! माझ्या पदरात पडलेलं पहिलं हे. आपल्या हातात केवढी विद्या आहे हे मला त्या पोरामुळे कळलं.

दुसरं जे मिळालं ते याहून मोठं.

19 जानेवारी 2024 ला सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात कामगारांच्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं. त्यात या पोराचंही घर होतं. स्वतःचं पक्कं घर, केवढा आनंद! पण दहावीची परीक्षा मार्चात, शाळा इकडे, आणि त्यातच वडिलांची कंबर धरली. बारा तास मागावर उभं राहणं बंद झालं. एका संध्याकाळी आईचा फोन आला. "काका, तुम्ही येऊन जावा. ह्याला परीक्षेनंतर मागावर घालायचं बोलायलेत."

गेलो. बाई मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. पान कापलेलं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोलता बोलता हात काही थांबत नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायचा होता आणि छाटणीत खराब निघालेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. वडील भिंतीला टेकून. शिक्षणाचं महत्त्व त्या घराला मी काय सांगणार? त्यांनी ते माझ्यापेक्षा जास्त सोसून ओळखलेलं आहे. मी वहीचं मागचं पान उघडलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला. घरात येतं किती, जातं किती, मागावर याला सुरुवातीला काय मिळेल, आयटीआयची फी किती, विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाकडून शिष्यवृत्ती असते तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर कसा भरायचा. आकडे पोरगाच लिहीत होता. शेवटी वडील तेलुगूत काहीतरी म्हणाले. आई हसल्या आणि मला सांगितलं, "शिकू द्या म्हणायलेत."

परीक्षेपर्यंत मी ड्युटी सुटल्यावर तसाच पुढे कुंभारीला जायचो, रस्ता एकच आहे. पोरगा चांगला पास झाला. मार्क फार नव्हते, पण गणित सुटलं. आता विजापूर रोडच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो टेक्स्टाइलकडे येईल अशी माझी फार इच्छा होती, विचारलंही. म्हणाला, "काका, रंग बघायला भारी वाटतं, पण मला मोटर खोलायला आवडतं." स्वतःला काय आवडतं हे तो सोळाव्या वर्षी तोंडावर सांगू शकला, याचा मला मार्कांपेक्षा जास्त आनंद झाला.

एखाद्या घरात निर्णय व्हायच्या आधी आपल्याला बोलावणं येणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा. सख्ख्या भाच्या-पुतण्यांकडून आजकाल सगळं ठरल्यावर फोन येतो. या घरात रक्ताचं नातं नसताना मला आधी विचारलं जातं. पाडव्याला आमच्याकडे गुढी आणि त्यांच्याकडे उगादी. सकाळी गुढी उभारली की सौ. आणि मी कुंभारीला पच्चडी खायला जातो. कडुनिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच, कैरी एकत्र. सौ.ना आधी ती चव जरा जड गेली, आता त्याच मला लवकर आवरा म्हणून घाई करतात.

रविवार जातो हे खरं आहे. कधी कधी पोरगं येत नाही, आपण बसून परत येतो. तरी जात राहायचं. तुम्ही ठरल्या वेळी तिथे असता, हे त्याला कळत असतं.

---

हुतात्मा_एक्स्प्रेस_प्रवासी

मी या गोष्टीतली दुसऱ्या बाजूची. मला दहावीत एक ताई मिळाली होती, बँकेत होती. आता मी पुण्यात नोकरी करते. रंगखातं काकांनी शेवटी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. मी मुद्दाम दांडी मारून बघितलेली, ती पुढच्या वेळी येते का म्हणून. ती आली, आणि रागावली पण नाही.

ती मला 'मोठी होऊन कोण होणार' असं कधीच विचारायची नाही. या प्रश्नाची आम्हाला भीतीच वाटायची, कारण आमच्या ओळखीत नर्स, शिक्षिका आणि विडी कामगार सोडून कुणी नव्हतंच. ती विचारायची, "या आठवड्यात काय झालं?" मग मी भांडणापासून भाजीपर्यंत सगळं सांगायचे. हिराचंद नेमचंद वाचनालयात तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा इतक्या शांत जागी मोठ्याने श्वास घ्यावा का, हे पण कळेना. दुसऱ्या वेळी मी एकटी जाऊन पुस्तक बघून आले. तिला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता! तिला काय मिळालं असं तुम्ही विचाराल, तर मी त्या दिवशीचा तिचा चेहरा सांगेन.

---

जुळे_सोलापूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिलेलं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. पण तुमच्याकडे रंग आहेत, ताईकडे वाचनालय होतं. मी दिवसभर टॅलीत जमा-नावे करते. नववीतल्या मुलीला यातलं काय दाखवू?

---

रंगखातं

अहो ताई, तुमच्याकडे तर माझ्यापेक्षा जास्त आहे! तिची आई विडी कामगार म्हणजे बहुतेक पीएफ कापला जात असणार. विडी उद्योगाला पीएफ 1977 पासून लागू आहे. पण यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, चालू आहे का, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, जन्मतारीख बरोबर आहे का, वारस लावलाय का, हे फार थोड्या घरांत कुणी बघितलेलं असतं. आणि आयत्या वेळी पैसे अडतात ते याच गोष्टींवरून.

ओळख चांगली झाली, आईचा विश्वास बसला, की त्या दोघींना घेऊन बसा. सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडतं. कामगाराचा वाटा किती, मालकाचा किती, व्याज कधी जमा झालं, हे मुलीला तुमच्या भाषेत वाचायला शिकवा. आईच्या कष्टाचा आकडा मुलीने स्वतः वाचून दाखवायचा. मात्र फोन आईच्या हातात आणि ओटीपी आईनेच टाकायचा, तुम्ही नाही. संस्थेच्या माणसाला आधी सांगून ठेवा.

हे पहिल्याच रविवारी काढू नका बरं का. आधी नुसत्या गप्पा मारा.

---

जुळे_सोलापूरकरीण

हे जमेल मला. रविवारी फॉर्म भरायला जाते, पालकांच्या परवानगीचा कागद पण तेव्हाच मागून घेते. मुलगी तेलुगू बोलणारी असेल तर काका, चार वाक्यं तुमच्या त्या पोराकडून शिकून घेईन.