वाड्याच्या भिंतीवर इल्युमिरूमसारखी आरास करता येईल का?

जुनं_नाशिक: नमस्कार मंडळी. आमचा जुन्या नाशकात सागवानी वाडा आहे, माजघराच्या भिंतीत चार कोनाडे, दोन खांब, वर तुळया. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या इल्युमिरूमचा जुना व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, त्यात टीव्हीच्या आजूबाजूच्या कपाटांवर, भिंतीवर प्रोजेक्टरने चित्र पडतं आणि बर्फ अगदी फर्निचरवर साचल्यासारखा दिसतो. मला गणपतीत असं करायचंय, मखराच्या मागच्या कोनाड्यांत पणत्या लागल्यासारखं, खांबावरून वेल चढल्यासारखा. प्रोजेक्टर आहे, १२८० बाय ८०० ठिपक्यांचा. ते इल्युमिरूम कधी विकत मिळालं का? आजोबांना आता जिना उतरून मंडळाची आरास बघायला जाता येत नाही म्हणून घरातच करायचीये.

सिडकोवाला: विकायला कधीच आलं नाही दादा. २०१३ च्या जानेवारीत लास व्हेगासला सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात दाखवलं होतं, किनेक्ट (मायक्रोसॉफ्टचाच अंतर मोजणारा कॅमेरा) आणि रुंद फेकीचा प्रोजेक्टर एवढंच सामान. मग २०१४ ला त्याच लोकांनी रूमअलाइव्ह केलं, त्यात प्रोजेक्टर-किनेक्टच्या सहा जोड्या लावून अख्खी खोली व्यापली. त्याचं कोड त्यांनी खुलं ठेवलंय पण ते दुसऱ्या पिढीच्या किनेक्टवर चालतं आणि किनेक्टचं उत्पादन २०१७ लाच थांबलं, आता जुना शोधावा लागेल. दुकानात मिळणाऱ्या वस्तूंत त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे फिलिप्सचं अँबीलाइट, ते तर २००४ पासून आहे, पण तो टीव्हीमागे नुसता रंगीत उजेड, त्याला कोनाडा कुठे आणि खांब कुठे हे कळत नाही.

गोदाकाठ: किनेक्टच्या मागे लागूच नका. खोलीचा आकार किंवा हलती माणसं टिपायची असतील तर तो लागतो, तुमची भिंत काय हलणार नाहीये. साधा वेबकॅम घ्या. त्या लॅबवाल्यांच्या कामातला खरा गाभा म्हणजे प्रोजेक्टरचा कुठला ठिपका भिंतीवर कुठे पडतो हे मोजणं, आणि ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी होतं, त्याला ग्रे कोड म्हणतात. आधी अर्धी भिंत पांढरी अर्धी काळी, मग पट्टे बारीक बारीक होत जातात, कॅमेरा दर वेळी फोटो काढतो. एखाद्या जागी उजेड-अंधार ज्या क्रमाने आला तोच तिचा नंबर. तुमच्या प्रोजेक्टरला आडव्या दिशेचे ११ आणि उभ्या दिशेचे १० असे २१ फोटो पुरतात, उजेड कमी असेल तर उलटे पट्टे (काळ्याच्या जागी पांढरे) पण घ्या म्हणजे ४२. ओपनसीव्ही नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे तयार मिळतं. कॅमेरा आजोबा बसतात तिथेच, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. कोनाड्याच्या कडेवर आखलेली रेघ कुठूनही कडेवरच दिसते, पण भिंतीवरून खांबावर गेलेला वेल सरळ दिसतो तो फक्त कॅमेऱ्याच्या जागेवरून.

माडीवरची: मी आमच्या घरी केलंय म्हणून सांगते भाऊ, प्रोजेक्टर लाकडी फळीवर किंवा माडीच्या तुळईला अजिबात टांगू नका. वर कोणी चाललं की आमच्या पणत्या कोनाड्याबाहेर बोटभर सरकायच्या, आणि मोजमाप एकदा हललं की सगळं पुन्हा. शेवटी खाली फरशीवर जड पाटा ठेवून त्यावर प्रोजेक्टर बसवला, मग सात दिवस तसूभर हलला नाही. आणि सागवान उजेड पिऊन टाकतं, वेल हिरवा काढलात तर खांबावर मळकट दिसेल, पिवळसर पोपटी घ्या. कोनाडे आतून चुन्याने पांढरे करून घ्या, तिथे उजेड सुंदर बसतो. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद, नुसती समई.

जुनं_नाशिक: खूप आभार, विशेषतः ताईंचे. काल रात्री करून बघितलं, प्रोजेक्टर फरशीवर, वेबकॅम आजोबांच्या आरामखुर्चीच्या पाठीला बांधला. पहिल्यांदा पट्टे नीट वाचलेच नाहीत, खांबाच्या पॉलिशवर चमक येत होती, उलटे पट्टे घेतल्यावर जमलं. मग चारही कोनाड्यांच्या कमानी उजेडाने आखल्या, अगदी कडेवर बसल्या. आजोबा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले डावीकडून दुसऱ्या कोनाड्यात त्यांची आई समई ठेवायची, तिथे पणती नको, समई दाखव. आज समई काढायला बसलोय. पाच वातींची.